गुरुजींनी न सांगितलेलं

गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आता मले कोण सांगन?" पलीकडे धाकटा भाऊ समजूत घालू लागला. त्याला वाटलं, मी रडतोय. मी रडत नव्हतो, मला संताप आला होता.

आमचं पोड झरी जामणीच्या जंगलातलं. पोड म्हणजे आम्हा कोलामांची वस्ती, मधोमध चावडी. पोडातलं काहीही ठरवायचं ते चावडीत बसून, कोलामीतच. शाळेला इमारत नव्हती, तर आमच्या भोळ्या म्हाताऱ्यांनी हौसेनं चावडीच देऊन टाकली. आपल्यातलाच पहिला शिकलेला माणूस मास्तर होऊन आला होता ना, तेच हे गुरुजी! त्याच माणसानं चावडीत कोलामी बंद केली. एक शब्द निघाला की उन्हात उभं करायचे. "मराठी बोल, नाही तं जन्मभर बांबूच तोडशीन!" घरोघर जाऊन आयांनाही दटावलं. माझी आई घाबरली आणि माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलू लागली... मी शिकलो, नोकरीला लागलो, हे खरं. तरी त्यांचे आभार मानायला मी आजही तयार नाही. निवृत्तीनंतर हेच गुरुजी 'कोलामी वाचवा' म्हणून भाषणं देत, शाली घेत फिरले, तेव्हा तर माझ्या अंगाची लाही व्हायची.

शेवटच्या दुखण्यात आई मराठी विसरली. माझा हात धरून दुपारभर कोलामीत बोलत राहिली आणि मी ठोंब्यासारखा बसून राहिलो. कोलामी कळणाऱ्या बाया रानात गेलेल्या, अखेर गुरुजींनाच बोलावलं. त्यांनी तोंडाजवळ कान नेला, बराच वेळ ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "तहान लागली म्हणते." एवढं सगळं बोलणं नुसत्या तहानेचं? संध्याकाळी आई गेली. त्यानंतर भेटतील तेव्हा मी विचारत आलो, आई खरं काय बोलली? मागच्या महिन्यातही विचारलं. "सांगीन लेका, काहून घाई करून राह्यला?" म्हणाले... आणि न सांगताच गेले. याची मी त्यांना माफी देणार नाही.

परवा त्यांच्या दिवसकार्याला चावडीत बसलो होतो. ते ज्या खांबाला टेकून बसायचे, त्यावर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग तसाच आहे. बाहेर ओट्यावर म्हाताऱ्या कोलामीत बोलत होत्या. मध्येच माझ्या आईचं नाव ऐकू आलं. मी सवयीनं खांबाकडे वळलो आणि विचारलं, "गुरुजी, काय म्हणून राह्यल्या?"