मावशीच्या नावाची कबुली

आमच्या कारखान्यात पाहुण्यांसमोर अडचण सांगायची नाही. पाहुणे गेले की मालकांच्या केबिनमध्ये जायचं, दार लोटायचं आणि मग काय ते बोलायचं. माझ्या सख्ख्या मावशीने रंगखात्यात सव्वीस वर्षं हेच केलं. तिचं काम रंग तपासायचं: कापडाचा कोपरा थुंकीने ओला करायचा, अंगठ्याने चोळायचा आणि रंग पक्का की कच्चा ते सांगायचं. तिचं कधी चुकलं नाही. मला तिथे दुभाषी म्हणून चिकटवलं तेही तिनेच.

एका परदेशी गिऱ्हाईक बाईंना पांढऱ्या काठाचे लाल टॉवेल हवे होते, तेही तीन आठवड्यांत. बैठकीत त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारलं, "कुणाला काही अडचण?" मी ते आमच्या भाषेत सांगितलं. मावशीने मालकांकडे पाहिलं. मालक हसत होते, म्हणून ती गप्प राहिली. बाईंच्या देशात गप्प राहणं म्हणजे मान्य असणं, त्यांनी वहीत तसंच लिहून घेतलं.

त्या गेल्याबरोबर मावशी केबिनमध्ये गेली. मी सोबत होते.

"साहेब, आणखी दोनदा धुतल्याशिवाय हा लाल पक्का होणार नाही. पांढऱ्यावर उतरेल. आठवडाभर वाढवून मागा."

"बघू," मालक म्हणाले, आणि त्यांनी काडीचंही बघितलं नाही.

टॉवेलांचे काठ पहिल्याच धुण्यात गुलाबी झाले. बाईंचं पत्र आलं: रंगातली जाणकार बाई समोर बसून गप्प राहते, याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात. त्यांचा राग मला कळतो. आमची रीत त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. मालकांनी दोन ओळी लिहिल्या असत्या तर भागलं असतं. त्याऐवजी त्यांनी टाय घातलेला एक प्रशिक्षक आणला. परदेशी माणसांच्या डोळ्यांत बघून स्पष्ट बोलावं, असं तो दिवसभर आम्हाला शिकवत होता. मावशी पहिल्या रांगेत बसली होती. ज्यांना खरी गरज होती ते मालक फिरकलेसुद्धा नाहीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाई पुन्हा आल्या तेव्हा मालक मावशीला आधीच म्हणाले, "माफी मागून टाका. नाहीतर रंगावर दुसरं कुणी बसवावं लागेल."

मावशी बाईंसमोर गेली. शिकवलं होतं तसं तिने थेट डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "मी त्याच दिवशी साहेबांना सांगितलं होतं."

मालक माझ्याकडे न बघताच माझ्या कानाशी पुटपुटले, "सांग त्यांना, माझी चूक झाली म्हणतेय."

आणि मी तसंच सांगितलं. माझी जीभ झडली नाही. बाईंचा चेहरा खुलला, त्यांनी मावशीचा हात दोन्ही हातांत घेतला.

जिन्यात मावशीने मला थांबवलं. "आपला आरोप खोटा होता हे ऐकून कुणी एवढं खूश होत नाही. काय सांगितलंस गं तू त्यांना?"

मी हातातल्या वहीची पानं उलटायला लागले. ती समजली. मला तिथेच सोडून खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी तिला रंगावरून काढून घड्या घालायला बसवलं. मी भांडायला गेले तर मालकांनी फाईलमधून मान वर न करता मलाच विचारलं, "चूक कबूल केलेल्या बाईला रंगावर कसं ठेवू? कबुली तर तुझ्याच तोंडून ऐकली सगळ्यांनी."