बारव हॉल्टच्या तारखा

आमच्या जुन्या वस्तीला बारव हॉल्ट म्हणायचे. हॉल्ट कुठे आहे असं कुणी विचारलं, की आम्ही तिथली काचेची इमारत दाखवतो. पूर्वी इथून कारखान्यांकडे रेल्वेचा एक फाटा जायचा, त्यावर तीन चिमुकली स्टेशनं होती. त्र्याण्णवपर्यंत तिन्ही गेली. रूळ उचलले, जागा विकली, संगणकवाले आले. मीही आता तिथेच नोकरी करते, त्यामुळे इमारतीला शिव्या जरा जपूनच घालते.

त्यातल्या शेवटच्या स्टेशनावर, बारव हॉल्टवर, भीमरावकाका पोर्टर होते. झाडलोट, दिवाबत्ती, रंगकाम, सगळं त्यांच्याकडे. रेल्वेत काही रंगवलं की त्यावर रंगवल्याची तारीख घालतात. काकांच्या ते अंगातच मुरलं होतं. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी ते डब्याच्या तळाशी उरलेला पिवळा रंग घेऊन वस्तीत यायचे, दारांच्या चौकटी रंगवायचे आणि कोपऱ्यात तारीख घालायचे.

"काका, घर आहे हे, मालगाडी नाही," माझी आई चिडायची. काका शांतपणे पुढच्या दाराकडे वळायचे. स्टेशन गेल्यावर ते निळा रंग आणू लागले, पण तारीख सुटली नाही.

दोन हजार एक साली वस्ती हटवण्याची नोटीस आली. पंच्याण्णवच्या आधीच्या घरांना दुसरीकडे घर मिळणार, बाकीच्यांनी आपलं बघायचं. आमच्या रेशनकार्डांवर पत्ता होता, बारव हॉल्टजवळ. पाहणीला आलेल्या साहेबांनी स्टेशनांची यादी चाळली.

"या नावाचं स्टेशनच नाही. ही कार्डं धरता येणार नाहीत."

"नाही कसं? तीस वर्षं तिथं झाडू मारलाय मी," काका उसळले. त्यांनी पत्र्याचा तुकडा घेतला आणि आमची चौकट खरवडायला लागले. निळा थर, त्याखाली निळा, मग पिवळा. सगळ्यात खालच्या पिवळ्यावर स्वच्छ आकड्यांत १०-४-९१.

"हा स्टेशनच्या पाटीचा रंग. यादीत नसलेल्या स्टेशनच्या!"

साहेबांनी दोन दारं स्वतः खरवडून पाहिली. संध्याकाळपर्यंत बावीस घरं पंच्याण्णवच्या आधीच्यांच्या यादीत चढली. आई रडली, मला नाचावंसं वाटत होतं.

तेविसावं घर काकांचं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ते वस्तीत राहायला आले होते. त्यांच्या चौकटीवर सगळ्यात खालची तारीख सत्त्याण्णवची निघाली.

साहेब माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "अहो, एक जुनी तारीख घाला की. मी उद्या परत येतो."

मी लगेच रंगाचा डबा आणला. खोटं कशाला सांगू, मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. काकांनी तो माझ्या हातातून घेतला आणि झाकण घट्ट बसवलं.

"माझ्या दारावर एक खोटी पडली, की या पोरीच्या घरासकट बावीस खोट्या होतात," ते साहेबांना म्हणाले. "स्टेशन तुम्ही पुसलंत. तारखा माझ्या आहेत. लिहा सत्त्याण्णव."

साहेब पेन हातात धरून थांबले. काका तिथून हलले नाहीत. त्यांनी सत्त्याण्णव लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, आणि मगच घरात जाऊन सामान बांधायला घेतलं.