खडकीतला हलकाफुलका चित्रपट

न पाहिलेल्या चित्रपटाबद्दल मी पाहिलेल्यापेक्षा जास्त ठामपणे बोलतो. हिंजवडीच्या ऑफिसात दर सोमवारी 'कुणी पाहावा, कुणी टाळावा' अशी माझी मेल सगळ्यांना जायची, आणि लोक ती वाचून तिकिटं काढायचे! (बिचारे.)

हीच विद्या मी खडकीत, मुलगी पाहायला गेलो असताना वापरली. सुजाताचे बाबा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. पोहे संपले, पगारही विचारून झाला.

"सध्या चित्रपट कुठला बरा आहे?" त्यांनी विचारलं.

एका चित्रपटाचं फक्त गाणं मी कंपनीच्या बसमध्ये ऐकलं होतं. त्याचंच नाव ठोकून दिलं. "एकदम हलकाफुलका! वडीलधाऱ्यांना तर आवर्जून दाखवा. पोट धरून हसतील!"

"मग रविवारी सगळेच जाऊ. तुम्हीही या. दुसऱ्यांदा हसाल."

रविवारी माझ्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला सुजाताची आत्या. आत्यांचे यजमान वर्षापूर्वी वारले होते. त्यांना जरा हसवावं म्हणून मुद्दाम आणलेलं.

दहाव्या मिनिटाला नायकाचे वडील गेले. (मी हसून पाहिलं. कुणी साथ दिली नाही.) मग त्याची नोकरी गेली. मध्यंतरापर्यंत आईनं अंथरूण धरलं.

"हलकाफुलका," बाबा समोसा मोडत म्हणाले.

"पुढे... पुढे धमाल आहे!"

पुढे कुत्रा मेला! कुत्रा गेल्याचं आणि माझं जमत आलेलं लग्न मोडल्याचं दुःख एकत्र झालं आणि मी हुंदके देऊन रडू लागलो. आत्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि त्याही रडायला लागल्या. पुढच्या रांगेतले लोक पडदा सोडून आमच्याकडे बघत होते!

बाहेर येताच मी माफी मागायला तोंड उघडलं, तर आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, हे गेल्यापासून मला रडूच फुटत नव्हतं. घरचे काळजीत होते. आज मोकळं वाटलं हो."

सुजातानं मला बाजूला घेतलं. "पाहिला नव्हतात ना?"

"नाही."

"बाबांनी मध्यंतरातच ओळखलं."

"मग संपलंच म्हणायचं!"

"छे! ते म्हणाले, मुलगा थापा मारतो, पण लगेच पकडला जातो. संसाराला असाच बरा."

या माणसांनी मला पदरात घेतलं, हे माझं भाग्यच. आत्या तर माझे पोटच्या मुलासारखे लाड करतात. फक्त दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो, "जावईबापू, या आठवड्यात कुठला अजिबात पाहू नये म्हणता? तेवढं सांगा, त्याचंच तिकीट काढते!"