दहावा माणूस

आमचे हे, म्हणजे सगळ्या निजामपुऱ्याचे अण्णा, लूमच्या कारखान्यात चौतीस वर्षं हजेरी लिहीत होते. कोण आला, कोणी दांडी मारली, कुठल्या शिफ्टला किती माणसं, सगळं तोंडपाठ. अशा माणसाचा मोजण्यातच घोटाळा व्हावा? पण झाला. आणि तो निस्तरताना माझ्या डोक्याचा जो भुगा झाला, तो अजून तसाच आहे.

रिटायर झाल्यावर ह्यांनी आमच्या घरी बैठक सुरू केली. महिन्यातून एक रविवार. येणारे तिघं. डॅनियल नवगावकर ज्यू, शरफुद्दीन बुबेरे कोकणी मुसलमान आणि पास्कल डाबरे वसईकडचे ख्रिस्ती. तिघंही कारखान्यातले जुने दोस्त. एकमेकांचा धर्म समजून घ्यायचा म्हणे. "त्यात आपण हिंदू कशाला?" असं विचारलं तर हे म्हणाले, "अगं, कोणीतरी ऐकणारा नको का?" चहा करता करता मीही ऐकायची. अब्राहाम तिघांचा, मोशे तिघांचा, एलियाही तिघांचाच. मग वेगळं ते काय, असं विचारलं की तिघंही एकदम बोलायला लागायचे. मला काही म्हणजे काही कळायचं नाही.

गेल्या जानेवारीत डॅनियलभावोजी कायमचे मुलाकडे इस्राएलला निघाले. जाण्याआधी त्यांना आपल्या घरी मलिदा करायचा होता. म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे त्याच एलियाच्या, नावाने प्रार्थना, आणि ताटभर गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. त्यांच्या वडिलांनी त्याच घरात केला होता. "आता इथे आमच्यातलं कोणी उरलं नाही, अण्णा," ते म्हणाले. "दहा माणसं जमव बाबा. दहा भरल्याशिवाय आमच्या घरात मलिदा होत नाही."

ह्यांनी लगेच यादी केली. ठाण्याच्या आठ ज्यूंना फोन लावले. नववे डॅनियलभावोजी. आणि दहावं नाव ह्यांनी बेधडक स्वतःचं लिहून टाकलं!

रविवारी दुपारी आम्ही सगळे डॅनियलभावोजींच्या घरी जमलो. शरफुद्दीन आणि पास्कलही होते. ठाण्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माणसं मोजली. "नऊच आहेत."

"दहा," हे म्हणाले, आणि डोक्यावरची छोटी टोपी सारखी करत पुढे आले.

ते गृहस्थ ओशाळले. "ज्यूच लागतात हो, अण्णा."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. डॅनियलभावोजींचं तर परवा सकाळचं विमान. मी मात्र भडकले. "चाळीस वर्षांची दोस्ती, आणि माणूस मोजायला चालत नाही? हा कुठला न्याय?"

"वहिनी," शरफुद्दीन म्हणाले, "आमच्या जुम्म्याच्या नमाजाला चाळीस माणसं लागतात. एकोणचाळीस भरली आणि अण्णा चाळिसावा म्हणून उभा राहिला, तर मलाही नाहीच म्हणावं लागेल."

"आमच्यात दोघं-तिघं जमले तरी भागतं," पास्कल म्हणाले.

"एकाला चाळीस, एकाला दहा, एकाला दोन! देव एकच ना तुमचा? मग बसून त्याला एकदा नीट विचारा की!" मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही.

"चूक माझी आहे," हे म्हणाले. "न विचारता परस्पर लिहिलं."

मग फोनाफोनी झाली. ठाण्याचे आयझॅक पेणकर टॅक्सीने निघाले आणि वाटेत माणकोलीला अडकले. कंटेनर आडवा झाला होता, गाडी हलायचं नाव नाही. शरफुद्दीननी स्कूटर काढली, तर हे मागे जाऊन बसले. "अहो, तुम्ही बसलात तर येताना पेणकर कुठे बसणार?" मी ओरडले. "माणूस माझ्यामुळे कमी पडलाय, मीच आणतो," असं म्हणत गेलेसुद्धा. आता ह्याला काय म्हणायचं?

साडेपाचला स्कूटर आली. मागे पेणकर.

"आणि हे?" मी विचारलं.

"पेणकरांच्या टॅक्सीत," शरफुद्दीन म्हणाले. "स्कूटरवरची आपली जागा पेणकरांना दिली. रस्ता सुटला की येतील."

म्हातारे गृहस्थ उठले. "चला, दहा भरले. सुरू करू या."

डॅनियलभावोजी जागचे हलले नाहीत. "थांबा. अण्णा येऊ दे."

"अहो, पण ते मोजणीत नाहीत ना?"

"दहा प्रार्थनेला लागतात," भावोजी म्हणाले. "अण्णा मला लागतो."

मला रडू फुटलं. कशाचं, तेही कळेना. घटकेपूर्वी नको होता तो माणूस, आता त्याच्यावाचून अडलं? ठाणेकरांना अंधाराआधी परतायचं होतं, पण एकही उठला नाही. पास्कलनी सगळ्यांना पाणी दिलं. पोह्यांवर मी ओलं फडकं घातलं आणि दारात जाऊन उभी राहिले.

पावणेसातला हे आले. धुळीने माखलेले, धापा टाकत. ताट तसंच भरलेलं बघून दारातच घाबरले. "अजून सुरू नाही केलं? परत कोण कमी पडलं?"

डॅनियलभावोजींनी त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि पुस्तक उघडलं.