नदीपल्याडचं मशीन

जमीन वर्षाला मिलिमीटरभर तरी सरकते का, हे शोधता शोधता आमची उमेद संपत आली. किस्से मात्र न मोजता साचत गेले.

पूर्णा नदीच्या बाजूनं जमिनीच्या पोटात एक जुनी भेग आहे. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात का, थोड्या वर उचलल्या जातात का, हे बघायचं आमचं काम. शेतात सिमेंटचे ठोकळे पुरायचे, दरवर्षी येऊन त्यांच्यावर जीपीएस लावायचा आणि उन्हात राखण करत बसायचं. आम्ही तिघं. मी, पुण्याचे दामले सर आणि मलकापूरचे ड्रायव्हर सलीमभाई.

*

बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळी पडली, ते साल. एक शेतकरी मशीनभोवती फिरून म्हणाला, "हे अळी पकडाचं हाय का?"

"नाही हो. जमीन वर येते का, ते बघतोय."

"किती येते?"

"वर्षाला मिलिमीटर. तोही आलाच तर!"

"मंग कापसाच्या भावापेक्षा बरं हाय!"

*

सलीमभाईंना गप्प बसवत नाही. चहाच्या टपरीवर त्यांनी भेगेची सगळी माहिती दिली. दुसऱ्या दिवशी दोन चुलतभाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडत आमच्याकडे आले.

धाकटा ओरडत होता, "यानं धुरा माह्या वावरात सरकवला!"

थोरला शांतपणे सरांकडे बोट दाखवून म्हणाला, "म्या काऊन सरकवू बे? साहेबच सांगून राह्यले ना, जमीन सरकते म्हून!"

*

चिखलीहून आईचा फोन. "दिवसभर उन्हात काय करतेस गं?"

"जमीन सरकते का ते बघते."

"सरकली?"

"अजून नाही."

"मग घरी ये!"

*

एका वर्षी एक ठोकळा चक्क काही मीटर सरकलेला दिसला. सरांना झोप येईना. एवढी हालचाल जगात कुठे झाली असेल! आम्ही धावत शेतात गेलो. मालक कौतुकानं पुढे आला.

"ट्रॅक्टरले आडवा येत होता साहेब. पन काई धक्का नाही लागू देला. चौघांनी उचलून धुऱ्यावर ठेवला, जसाचा तसा!"

सर बराच वेळ ठोकळ्यावर बसून राहिले.

*

आणि गोदामावशी. त्यांच्या वावरात आमचा ठोकळा होता. अळीनं खाल्लेली कपाशीची पऱ्हाटी त्या एकट्याच उपटत होत्या. बियाणं जावयाच्याच दुकानातलं. मावशी त्याला भर चौकात बोलल्या होत्या, आणि तेव्हापासून नदीपल्याड दिलेली लेक माहेरी आली नव्हती. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हात न थांबवता.

एक दिवस त्या सरांजवळ येऊन बसल्या.

"साहेब, नदीच्या या दोन बाजू जवळ येऊन राह्यल्या का दूर जाऊन राह्यल्या?"

सर थकले होते. तरी त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून दाखवले. "जवळही नाही, दूरही नाही मावशी. बाजूबाजूनं सरकायचं असतं त्यांना. पण मध्येच अडकतात. वर्षानुवर्षं तशाच."

"अडकल्यावर?"

"ताण साठत जातो."

"अन् मंग?"

"मग कधीतरी एकीला हलावंच लागतं."

मावशींनी सरांच्या तळव्यांकडे बघितलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"तुम्ही उद्या पल्याड जाऊन राह्यले ना?"

"हो. दुसरं मशीन लावायचंय."

सकाळी जीपपाशी मावशी उभ्या. ठेवणीतलं लुगडं, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. सलीमभाईंनी पुढचं दार उघडलं. सर मागे, ट्रायपॉडशेजारी अंग चोरून बसले.

पूल आला तशी मी हळूच विचारलं, "मावशी, दारात जावई भेटला तर काय सांगाल?"

मावशींनी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"सांगीन, मशीन पाहाले आली!"