तांदळाच्या डब्यातली टेप
सुई टोचण्याआधी नर्सने स्पिरिट लावलं आणि मला ऑफिसातला तो दिवस आठवला. मी तिथे शिपाई होतो. कॉम्प्युटरमधल्या माहितीच्या बॅकअपची एक टेप, ऑफिसात काही झालं तर वेगळी असावी म्हणून, मी घरी न्यायचो आणि ओल लागू नये म्हणून बायको ती तांदळाच्या डब्यात ठेवायची. एकदा कॉम्प्युटर बसला आणि टेपही वाचली जाईना. साहेब म्हणाले, "टेप गेली तर तुझी नोकरी गेली." बोलावलेल्या इंजिनियरने टेप वाचणारा ड्राइव्ह उघडून स्पिरिटचा कापूस फिरवला. पांढरी भुकटी निघाली. "काका, हे काय?" "बोरिक पावडर. किडे लागू नयेत म्हणून तांदळाला लावतात." तो पोट धरून हसला. पुसल्यावर टेप सरळ चालली. ऑफिसच्या कपाटातल्या बाकी सगळ्या टेपांना मात्र बुरशी लागलेली. घरी येऊन मी बायकोला पावडरीवरून झापलं. ती म्हणाली, "पन टेप चालली का नाय?" मी ताट ओढून भात कालवला. ती देवाघरी गेली, तेव्हाचं उत्तर आता सांगतो. चालली गे, तुझी एकटीचीच चालली.