चूक तीच, मुलगी दुसरी

‘‘दिघ्याच्या वस्तीतली ना तू? मग बरोबर. तुमच्या लोकांना मार्क फुकट मिळतात, डोकं कशाला चालवायचं!’’

आमच्या क्लासचे मालक, सर, दारातूनच बोलले. आठवीचा वर्ग फिदीफिदी हसला. फळ्याशी सानिका, हातात खडू. तिच्या बाजूला मी. गणिताची मॅडम.

गणित साधं. 5x + 3 मधून 2x − 7 वजा करा. तिनं कंस सोडवला, 2x चं चिन्ह बदललं आणि सातचं बदलायचं विसरली. उत्तर काढलं 3x − 4. यायला हवं 3x + 10. अहो, अख्खं जग हीच चूक करतं! आदल्याच दिवशी ऐरोलीतल्या एका बिल्डरच्या मुलानं केली होती. तेव्हा हेच सर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘‘घाई झाली रे बेटा.’’

सानिकानं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं? पाठ फिरवून फळा पुसला.

मीही दिघ्याचीच. तिच्याच समाजाची. पण क्लासच्या बोर्डावर माझं आडनाव नाही. नोकरीला घेताना सर म्हणाले होते, ‘‘नुसतं नाव लावू. पालक उगाच विचारत बसतात.’’ मी मान डोलावली होती. वर थँक्यू म्हटलं. शी!

क्लास सुटल्यावर सानिका जिन्यात थांबलेली.

‘‘मॅडम, उद्यापासून मी मागं बसू? मला फळ्यावर नका ना बोलवू.’’

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर बोलून गेले, पण मूग गिळून मी बसले होते. तिला मागं मीच ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांना वर्गात बोलावलं. फळ्यावर आधी माझं नाव लिहिलं, आडनावासकट. खाली ते गणित, दोघांनी केलेल्या चुकीसकट.

‘‘सर, चूक एकच आहे. त्याला बेटा म्हणालात. हिला जे म्हणालात ते आता मला म्हणा. मीपण दिघ्याचीच.’’

कुणी हसलं नाही.

‘‘केबिनमध्ये या,’’ सर म्हणाले.

‘‘इथंच बोला.’’

ते निघून गेले.

बरं वाटलं? छे! सानिका मागच्याच बाकावर बसली होती, मान खाली घालून. मी बोलले, पण एक दिवस उशिरा. तो एक दिवस तिनं एकटीनं काढला. तिला अजून सॉरी म्हटलेलं नाही. सॉरी म्हणून मला सुटायचं नाही. इथून पुढं कुणीही असं बोललं, तर त्याच क्षणी, भरल्या वर्गात त्याला अडवणार. नोकरी जाईल? जाऊ दे.